दिसण्याआधी संपणारा उजेड

खिडकीतून येणारा उजेड आपल्याला दिसतो. समोरच्या माणसाला जरा इकडे सरकवलं की नाकाची सावली कुठे गेली, डोळ्यांखालचा काळोख कमी झाला का, हे बटण दाबण्याआधीच कळतं. ट्यूबलाइटचं, कंदिलाचं, चुलीतल्या जाळाचंही तसंच. फ्लॅशचं तसं नाही. तो पेटतो आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास विझूनही जातो. काहीतरी लखलखलं, एवढंच डोळ्याला समजतं. त्या उजेडात समोरचा चेहरा कसा दिसला हे कुणीच पाहिलेलं नसतं, फोटो काढणाऱ्यानं तर नाहीच. एसएलआर कॅमेऱ्यात नेमक्या त्या वेळी आरसा वर गेलेला असतो आणि व्ह्यूफाइंडर काळा झालेला असतो. म्हणजे ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, तेवढंच आपल्याला वगळून उरकतं.

फ्लॅश अवघड वाटतो तो मुख्यतः यामुळे. त्यातलं गणित गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे जात नाही आणि यंत्रही फार गुंतागुंतीचं नाही. पण न दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास टाकायला माणूस कचरतो. शिकायला येणाऱ्यांपैकी बरेच जण पहिल्याच दिवशी सांगतात, ‘सर, मला नॅचरल लाइटच आवडतो.’ त्यातल्या थोड्यांना तो खरंच आवडत असतो. बाकीच्यांनी कधीतरी फ्लॅश लावलेला असतो, आजीचा चेहरा पांढराफटक आलेला असतो, मागची भिंत काळी ठिक्कर पडलेली असते, आणि तेव्हापासून फ्लॅशची पिशवी कपाटात असते. मी त्यांना हसत नाही. मीही त्यांच्यातलाच होतो. शिवाय माझं पहिलं बिघडलेलं काम माझ्या घरच्या नव्हे, दुसऱ्याच्या लग्नातलं होतं.

साल १९९४. तालुक्याच्या गावी एका स्टुडिओत मी उमेदवारी करत होतो. मालकांना सगळं गाव काका म्हणायचं, मीही म्हणायचो. मे महिन्यात एकाच मुहूर्तावर दोन लग्नं आली. मोठं काकांनी घेतलं आणि माण तालुक्यातल्या एका वाडीवरचं मला दिलं. पेंटॅक्सचा के-१००० कॅमेरा, चार सेलांचा फ्लॅश आणि छत्तीस फोटोंचे तीन रोल. गोरज मुहूर्त होता. दुपारी कडक उन्हात परण्या निघाला, नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या देवळाकडे चालला होता. त्या उन्हासाठी मी शटर १/१२५ वर घेतलं आणि फोटो उत्तम आले. मग सूर्य कलला, मांडवात पिवळे बल्ब लागले, मंगलाष्टकं सुरू झाली. मी फ्लॅश चढवला, अॅपर्चर बदललं, सेल बदलले. शटरची चकती मात्र दुपारी होती तिथेच राहिली. अंतरपाट बाजूला झाला, अक्षता उडाल्या, मी बटण दाबलं. फ्लॅश झकास उडाला. मला वाटलं, जमलं.

पाच दिवसांनी लॅबमधून प्रिंट आल्या. अंतरपाटाच्या त्या फोटोत अर्ध्या भागात नवरी होती: मुंडावळ्या, खाली घातलेली नजर, खांद्यावर अडकलेले तांदूळ, सगळं लख्ख. उरलेल्या अर्ध्या भागात काहीच नव्हतं. कुणी उभी पट्टी धरून काळा रंग द्यावा तशी मधोमध कड होती, आणि तिच्या पलीकडे नवरा उभा होता हे फक्त मला ठाऊक होतं.

काका ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं, असं तेव्हा वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तोच कॅमेरा घेतला, आत रोल नसल्याची खात्री केली, पाठीमागचं झाकण उघडलं आणि मला म्हणाले, ‘इथनं डोळा लाव आणि भिंतीकडं धर.’ शटर १/६० वर ठेवून त्यांनी बटण दाबलं. समोरची पांढरी भिंत उजळली आणि मला पूर्ण चौकट दिसली. मग चकती १/१२५ वर नेली. पुन्हा बटण, पुन्हा लखलखाट, पण या वेळी चौकट अर्धीच दिसली. उरलेल्या अर्ध्यावर काळं कापड आलेलं होतं. १/२५० वर एक चिंचोळी फट. ‘ह्यो पडदा,’ काका म्हणाले. ‘एक उघडत जातो, दुसरा झाकत जातो. लई घाई केली तर दुसरा मागोमागच निघतो. आणि तुझा फ्लॅश काय त्याच्यासाठी थांबतोय व्हय?’

फ्लॅशबद्दल मी नंतर पुष्कळ वाचलं, पण त्या पंधरा मिनिटांइतकं कशातूनच समजलं नाही. पूर्ण चौकट एकाच वेळी उघडी असते असा सर्वांत वेगवान शटर म्हणजे सिंक स्पीड. त्या पेंटॅक्सचा १/६० होता. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांचा १/२०० किंवा १/२५० असतो. आजचा कॅमेरा फ्लॅश ओळखून शटर आपणहून तिथेच अडवतो, म्हणून हा अपघात कमी झालाय. पण रेडिओ ट्रिगर लावून फ्लॅश बाजूला ठेवला की कॅमेऱ्याला तो नेहमीच ओळखता येत नाही, आणि काळी पट्टी तीस वर्षांनंतरही तशीच हजर होते. हाय-स्पीड सिंक नावाची सोय आहे. तिच्यात फ्लॅश एकदाच न उडता फट सरकत असेपर्यंत बारीक बारीक ठिणग्यांनी पेटत राहतो. त्याची किंमत ताकदीत मोजावी लागते. पहिल्या वर्षात तिच्या वाटेला न गेलेलं बरं.

पण त्या सकाळी कळलेली मोठी गोष्ट पट्टीची नव्हती. फ्लॅश आणि शटर ही दोन वेगवेगळी कामं आहेत, हे तेव्हा उमगलं. फ्लॅश लावून काढलेला प्रत्येक फोटो म्हणजे एकावर एक छापलेले दोन फोटो असतात. एक तिथल्या उजेडाचा: बल्ब, खिडकी, आभाळ. दुसरा फ्लॅशचा. शटर किती वेळ उघडं राहिलं यावर पहिला फोटो ठरतो, कारण बल्ब तेवढा वेळ जळत असतो. दुसऱ्याला शटरशी देणंघेणं नाही. शटर १/६० असो की अर्धा सेकंद, फ्लॅश आपला हजाराव्या भागात येऊन गेलेला असतो. अॅपर्चर आणि आयएसओ दोन्ही फोटोंवर चालतात. फ्लॅशची ताकद आणि त्याचं अंतर फक्त दुसऱ्यावर. हे एवढं डोक्यात बसलं की आजीच्या मागची काळी भिंत हे गूढ राहत नाही. फ्लॅशचा फोटो आला होता, तिथल्या उजेडाच्या फोटोला पुरेसा वेळच मिळाला नव्हता. शटर १/२०० वरून १/३० वर आणा, भिंतीवरची तसबीर आणि देव्हाऱ्यातली समई आपोआप परत येतील. आजीचा चेहरा होता तसाच राहील.

याचं मला आवडणारं उदाहरण १९४९ सालचं आहे. ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी काम करणारा ज्यॉन मिली दक्षिण फ्रान्समध्ये व्हालोरीसला पिकासोकडे गेला. मिली मूळचा अल्बेनियाचा आणि शिक्षणानं इंजिनिअर. अंधाऱ्या खोलीत त्यानं कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवलं, पिकासोच्या हातात छोटा दिवा दिला आणि पिकासोनं हवेत चित्रं काढली. दिव्याची रेघ उघड्या शटरनं टिपली, आणि रेघ काढणारा उघडाबंब माणूस टिपला फ्लॅशनं. दोन फोटो, एक चौकट. आपल्याकडे हा प्रयोग करायला पिकासो लागत नाही. दिवाळीत अंगणात पोरांच्या हातात फुलबाजी द्या, कॅमेरा स्टुलावर टेकवा, शटर दोन सेकंद ठेवा आणि फ्लॅश अगदी कमी ताकदीवर. पोरगं आपलं नाव हवेत लिहील. फ्लॅश शटर उघडताच उडाला तर चेहरा आधी आणि रेघा नंतर. मेनूमध्ये ‘रिअर कर्टन’ निवडलं तर रेघा आधी आणि शेवटी चेहरा. दोन्ही करून बघा, फरक सांगण्यापेक्षा दिसण्यातला आहे. नाव मात्र उलटं येईल, कारण पोरगं ते स्वतःच्या बाजूनं लिहीत असतं.

दुसरी गोष्ट अंतराची, आणि या पुस्तकात मी सर्वांत जास्त पानं तिलाच दिली आहेत. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो हे शाळेत सगळ्यांनी घोकलेलं असतं. पण घोकलेलं आणि वऱ्हाडाच्या ग्रुप फोटोत भोगलेलं यांत फरक आहे. फ्लॅशपासून एक मीटरवर जेवढा उजेड, त्याचा चौथा भाग दोन मीटरवर आणि सोळावा भाग चार मीटरवर. समजा, पुढची रांग सतरंजीवर बसली आहे, तुमच्यापासून दोन मीटर. मागची रांग बाकावर उभी, चार मीटर. पुढच्या पोरांच्या वाट्याला जो उजेड आला, त्याच्या पाव मागच्या मामांच्या वाट्याला. पोरं पांढरी, मामा काळे, आणि मामा रुसलेले. नवशिका अशा वेळी ताकद वाढवतो, मग पोरं आणखी पांढरी होतात. उपाय असा की मागे सरकायचं. तुम्ही तीन मीटर मागे गेलात की पुढची रांग पाच मीटरवर आणि मागची सात मीटरवर. आता मामांना पोरांच्या जवळजवळ निम्मा उजेड मिळतो. दोन रांगांमधलं अंतर तेच आहे, फरक मात्र निम्म्यानं मिटला. अर्थात एवढ्या लांब जायचं तर ताकद जास्त लागते. मोठा फ्लॅश घ्यायचा तो यासाठी, मित्रांवर छाप पाडण्यासाठी नव्हे.

ही ताकद मोजायची जुनी पद्धत म्हणजे गाइड नंबर. अंतर गुणिले अॅपर्चर, बस. फ्लॅशचा गाइड नंबर आयएसओ १०० ला ३२ मीटर असेल, तर चार मीटरवरच्या माणसासाठी एफ/८, आठ मीटरवरच्यासाठी एफ/४. आयएसओ ४०० केला की नंबर दुप्पट होतो. मीटरऐवजी फुटांत मोजलं तर हाच ३२ चा नंबर १०५ होतो, आणि खोक्यावर कोणता आकडा मोठ्या टायपात छापायचा हे विकणाऱ्याला बरोबर कळतं. त्यातही तो आकडा बहुधा फ्लॅशचं डोकं पूर्ण झूम करून काढलेला असतो. काकांना हे गणित पावलांत पाठ होतं. ते नवरा-नवरीपासून मागे चालत येत, ओठ हलत, आणि थांबले की बोटं आपोआप अॅपर्चरच्या रिंगवर गेलेली असत. जो उजेड दिसत नाही तो त्यांनी असा पायांनी मोजला होता.

वानखेडेवर रात्रीच्या सामन्यात वरच्या स्टँडमधून असंख्य फ्लॅश लुकलुकतात, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. कॅमेऱ्यातल्या छोट्या फ्लॅशचा गाइड नंबर बाराच्या आसपास असतो. एफ/४ ला त्याचा उजेड पोचतो तीन मीटर. खेळपट्टी राहिली बाजूला, पुढच्या रांगेतल्या माणसाचं टक्कल तेवढं सुरेख उजळतं. मोबाइलची गोष्ट आणखी वेगळी. त्यात बहुधा फ्लॅश नसतोच, एलईडी दिवा असतो. खऱ्या फ्लॅशमध्ये सेलांतून हळूहळू गोळा केलेली वीज कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्टला साठते आणि झेनॉन वायूच्या नळीतून एका दमात ओतली जाते. सेल घातल्यावर ऐकू येणारी ती बारीक, चढत जाणारी शीळ म्हणजे ही साठवण. एलईडीला असा साठा करून एका झटक्यात ओतणं जमत नाही. म्हणून मोबाइलच्या उजेडात नाचणारं पोर हललेलं येतं आणि फ्लॅशमध्ये थांबलेलं.

थांबवण्याची ही ताकद ज्यानं टोकाला नेली, तो हॅरॉल्ड एजर्टन फोटोग्राफर नव्हता, एमआयटीतला विजेचा इंजिनिअर होता. फिरत्या मोटारींचा अभ्यास करायला त्यानं १९३० च्या सुमारास लुकलुकणारा दिवा बनवला, आणि पुढे तशाच दिव्यांनी दुधाच्या थेंबाचा मुकुट (१९५७) आणि सफरचंदातून आरपार जाणारी गोळी (१९६४) पकडली. आपल्या चार सेलांच्या फ्लॅशमध्येही त्याचा वारसा आहे. ताकद कमी केली की आपला फ्लॅश मंद होत नाही, तो लवकर विझतो. पूर्ण ताकदीला सेकंदाचा हजारावा भाग, तर सर्वांत कमी ताकदीला वीस हजाराव्या भागाच्या आसपास. नळाखाली उडणारं पाणी गोठवायचं तर फ्लॅश जवळ आणा आणि ताकद उतरवा. पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं.

आपल्या भाषेत फोटो ‘काढतात’ आणि फ्लॅश ‘मारतात’. हे क्रियापद उगीच आलेलं नसावं. फ्लॅशचा इतिहास धूर, भाजलेल्या भुवया आणि दचकलेल्या माणसांचा आहे. सुरुवात मॅग्नेशियमच्या तारेपासून. १८६५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स पियाझी स्मिथनं गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या पोटात ती जाळून फोटो काढले. १८८७ मध्ये जर्मनीत आडोल्फ मीथे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट मिसळून क्षणात पेटणारी दारू केली. ती बातमी न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस या पोलीस-वार्ताहरानं वाचली. शहरातल्या गरिबांच्या कोंदट चाळींबद्दल तो लिहीत होता, पण तिथला अंधार कॅमेऱ्यात येत नव्हता. आता तो रात्री साथीदारांना घेऊन त्या खोल्यांत शिरू लागला. आधी भुकटी पिस्तुलासारख्या नळीतून उडवायचे, लोक घाबरून पळत, म्हणून मग चक्क तळणीच्या तव्यावर पेटवू लागले. या नादात दोनदा घराला आणि एकदा स्वतःला आग लावल्याचं त्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे. १८९० मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि न्यूयॉर्कला आपली मागची खोली पहिल्यांदा दिसली. त्या फोटोंनी झोपडपट्टी सुधारायला जोर दिला हे खरं. त्यातल्या माणसांचे डोळे मध्यरात्री दारूच्या स्फोटानं उठवल्यासारखे विस्फारलेले आहेत हेही खरं. कीर्तनात, नाटकात, झोपलेल्या माणसाच्या तोंडावर फ्लॅश मारण्याआधी मला हे डोळे आठवतात, आणि बहुतेक वेळा मी कॅमेरा खाली घेतो.

१९२९-३० च्या सुमारास काचेच्या फुग्यात धातूचा पत्रा आणि प्राणवायू भरलेले बल्ब आले आणि भुकटी गेली. बल्ब एकदाच जळायचा. काढून टाकताना बोटं भाजायची. स्पीड ग्राफिकसारख्या कॅमेऱ्याच्या बाजूला ताटलीएवढा रिफ्लेक्टर लावून त्यात हे बल्ब बसवत. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावालाही स्पीड ग्राफिक वापरत. पण बल्बच्या काळातला माझा खरा आवडता माणूस ओ. विन्स्टन लिंक. अमेरिकेत नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेवर वाफेच्या इंजिनांचे अखेरचे दिवस चालले होते, आणि १९५५ ते १९६० या काळात लिंकनं ती इंजिनं रात्री टिपली. १९५६ मधल्या त्याच्या एका फोटोत मैदानावर मोटारींत बसून लोक सिनेमा पाहताहेत आणि मागून काळी आगगाडी धूर सोडत चालली आहे. त्यासाठी त्यानं चाळीसहून जास्त बल्ब तारांनी जोडले होते. गाडी एकदाच येणार, बल्ब एकदाच जळणार, तालीम करायची सोय नाही. अंधारात उभं राहून कुठे किती उजेड पडेल हे सगळं त्यानं आधी मनात पाहिलेलं होतं. आणि तरी एक गोष्ट निसटलीच: बल्बांच्या झोतात सिनेमाचा पडदा धुऊन निघाला, पांढरा पडला. पडद्यावरचं विमान त्यानं नंतर प्रिंटमध्ये बसवलं. तिथल्या उजेडाचा फोटो आणि फ्लॅशचा फोटो यांचं भांडण लिंकलाही चुकलं नाही.

आता थोडं छताबद्दल. कॅमेऱ्यावर बसलेला फ्लॅश थेट चेहऱ्यावर मारला की तो वाईटच दिसतो, कारण उजेड लेन्सच्या जवळून आणि लहानशा खिडकीतून येतो. चेहऱ्याचे उतार-चढाव दिसायला सावली लागते आणि समोरून आलेल्या उजेडात ती चेहऱ्यामागे लपते. डोळे लाल होतात तेही याचमुळे: लेन्सशेजारून शिरलेला उजेड डोळ्याच्या मागच्या रक्ताळ पडद्यावरून तसाच परत लेन्समध्ये येतो. फ्लॅशचं डोकं वर छताकडे वळवा. आता चेहऱ्यावर उजेड टाकणारी वस्तू म्हणजे आगपेटीएवढी खिडकी उरत नाही, खोलीभर छत होतं. उजेड देणारी वस्तू जेवढी मोठी आणि जेवढी जवळ, तेवढी सावलीची कड मऊ. आपल्याकडे हे सुब्रत मित्रांनी सिनेमात करून दाखवलं. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’साठी (१९५६) बनारसच्या घराचा चौक कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारला होता. मित्रांनी चौकावर पांढरं कापड ताणलं आणि दिवे खालून त्यावर मारले. वाड्याच्या चौकात भर दुपारी वरून झिरपतो तो सावलीविना उजेड ज्यांनी अनुभवलाय, त्यांना त्या कापडाचं काम सांगावं लागत नाही.

पण मित्रांचं कापड पांढरं होतं. आपल्या मांडवाचं गुलाबी असतं. मी एकदा मोठ्या हुशारीनं मांडवाच्या छतावर फ्लॅश मारला आणि सबंध वऱ्हाड डाळिंबाच्या रसात बुडवल्यासारखं आलं. मंगल कार्यालयाच्या हिरव्या ऑइलपेंटच्या भिंतीवर मारला तर नवरी आजारी दिसते. उजेड ज्याच्यावर आपटतो त्याचा रंग घेऊन येतो. अशा वेळी माझ्या पिशवीत एक पांढरा थर्माकोलचा तुकडा असतो, करवलीच्या हातात दिला की झालं. बल्बच्या पिवळ्या उजेडाशी फ्लॅशचा रंग जुळवायला नारिंगी जिलेटीन लागतं. ते नाटकाच्या दिव्यांना वापरतात तेच. फ्लॅशचा उजेड सुमारे ५५०० केल्व्हिन, जुन्या बल्बांचा ३००० च्या आसपास. जिलेटीन लावून व्हाइट बॅलन्स बल्बवर ठेवला की दोन्ही एका रंगाचे. हल्लीच्या जांभळ्या एलईडीवर माझ्याकडे औषध नाही.

टीटीएलबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. कॅमेरा आधी एक बारीक फ्लॅश मारतो, परत आलेला उजेड मोजतो आणि ताकद आपणहून ठरवतो, हे टीटीएल. धावपळीत ते उत्तम आहे आणि लग्नात मीही वापरतो. पण शिकताना ते बंद ठेवा. पांढरी साडी समोर आली की ते ताकद उतरवतं, काळा कोट आला की चढवतं, आणि चूक तुमची की यंत्राची हे कळत नाही. मॅन्युअलवर एक अष्टमांश म्हणजे कायम एक अष्टमांश. आज चुकलं तर उद्या त्याच जागी तसंच चुकेल, आणि तसंच चुकलं तरच सुधारता येतं. कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदा ही आजच्या शिकणाऱ्याची चैन आहे. मला पाच दिवस थांबावं लागलं, तुम्हाला एक सेकंद. एकच अट घाला: बटण दाबण्याआधी सावली कुठे पडेल ते बोटानं दाखवायचं, मग पडद्यावर बघायचं. नुसतं मारत आणि बघत राहिलात, तर शंभर फोटोंनंतरही ती सावली आधी दिसणार नाही.

खरेदीबद्दल फार लिहिलेलं नाही, ते दर वर्षी बदलतं. डोकं वर आणि बाजूला वळणारा, मॅन्युअल ताकद देणारा कुठलाही एक फ्लॅश, एक स्वस्त ट्रिगर, चार्ज होणारे आठ सेल. चार फ्लॅशमध्ये, चार चार्जरमध्ये. सेल थकले की फ्लॅश भरायला वेळ लागतो, आणि नवरा नवरीला घास भरवत असताना हे घडलं तर तो बिचारा लाडू धरून तुमच्याकडे बघत बसतो. सगळी पंगत हसते. फ्लॅशवरचा तयारीचा दिवा पेटेपर्यंत थांबा, अर्धा भरलेला फ्लॅश अर्धाच उजेड देतो. काकांच्या कपाटातून निघावा तसा जुना फ्लॅश स्वस्तात मिळाला तर थेट नव्या कॅमेऱ्यावर चढवू नका. त्यातले काही कॅमेऱ्याला जोडणाऱ्या बुटावर (हॉट शूवर) दोनशेहून जास्त व्होल्ट देतात आणि आजच्या कॅमेऱ्याला ते सोसत नाही. रेडिओ ट्रिगरवर लावा, तोही ट्रिगर एवढे व्होल्ट सोसतो का ते बघून. आणि कुठलाही फ्लॅश उघडू नका. सेल काढले तरी कपॅसिटर भरलेला राहतो. मी एकदा उघडला आहे. उजव्या हाताची बोटं संध्याकाळपर्यंत माझी नव्हती.

पुस्तक कसं वापरायचं ते सांगून थांबतो. पहिल्या तीन प्रकरणांत माणूस नाही. माणूस कंटाळतो, हलतो, आणि फोटो चांगला आला नाही तर तसं तोंडावर सांगतो. त्याऐवजी स्वयंपाकघरातून दोन वस्तू आणा: मातीचं एक मडकं आणि स्टीलचा एक तांब्या. मडक्यावर उजेड कसा चढतो, कुठे वळतो, सावलीची कड कुठे मऊ आणि कुठे धारदार होते, हे दिसतं, कारण त्याचा पृष्ठभाग खरखरीत आहे. तांब्या सावली दाखवत नाही, तो उजेड देणाऱ्या वस्तूचंच चित्र दाखवतो. थेट फ्लॅश मारला तर त्यात एक जळता ठिपका. छतावर मारला तर वरच्या अंगाला पसरलेलं पांढरं छत. बाजूला पांढरी चादर टांगून तिच्यावर मारला तर एक लांबट, शांत पट्टा. पुढे माणसाच्या चष्म्यात, डोळ्यांच्या बुबुळात आणि नवरीच्या नथीत हेच दिसणार आहे.

खोलीचे पडदे ओढून घ्या, पंखा बंद करा म्हणजे चादर हलणार नाही. फ्लॅश स्टुलावर, मडक्यापासून एक मीटर, ताकद एक षोडशांश. शटर १/१२५, अॅपर्चर एफ/८, आयएसओ १००. हे झालं की फ्लॅशचं स्टूल दोन मीटरवर न्या आणि वही काढा. तांब्याचा नंबर त्यानंतर. तो आधी घासून घ्या, आणि पहिले दहा-वीस फोटो त्यात तुम्हीच दिसलात, पोट सुटलेले आणि हातात कॅमेरा धरलेले, तर वैतागू नका. कुठे उभं राहिलं की आपण त्यात दिसत नाही, ते चौथ्या पानावर आहे.